साडेसोळाची साडेसाती

जुन्या अमेरिकन पिकअपच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसून रिमवरचा गंज खरवडला, तर बऱ्याचदा १६.५ हा आकडा दिसतो. १९७० च्या दशकातल्या शेव्हरोले के-२० सारख्या पाऊण टनी गाड्यांना हे माप सर्रास असायचं. सोळा नाही, सतराही नाही, साडेसोळा. पुढे नागरी गाड्यांच्या कारखान्यांनी हे माप सोडून दिलं. टायर कंपन्यांनीही त्यातून हळूहळू अंग काढून घेतलं. गाडीचं इंजिन ठणठणीत, चेसिस शाबूत, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा अजून चिखलातून ओढून काढते. फक्त पायात घालायला जोडा मिळत नाही.

तो भरपूर मिळतो असं एकच ठिकाण उरलं, ते म्हणजे सैन्याची भंगारविक्री. अमेरिकी सैन्यात १९८५ पासून आलेल्या हमव्ही या गाडीचं चाक साडेसोळाचंच आहे. त्यावर ३७×१२.५०आर१६.५ हा टायर बसतो. हे माप वाचायला सोपं आहे: उभ्या टायरची उंची ३७ इंच, रुंदी साडेबारा इंच, आर म्हणजे रेडियल, आणि शेवटी रिमचा व्यास. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे मुख्यालय असलेलं संरक्षण खात्याचं एक कार्यालय सैन्याला नको झालेल्या मालाची विल्हेवाट लावतं, आणि लिलावातून असे टायर ढिगाने बाहेर पडतात. आपल्याकडे ज्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणतात तोच हा प्रकार. सैन्यातली गाडी वर्षातले बरेच दिवस आवारात उभी असते, त्यामुळे टायरची नक्षी अजून बोटभर खोल असते आणि किंमत नव्या टायरच्या कितीतरी खाली. आपल्या गाडीचं माप साडेसोळा, याचंही साडेसोळा. घेणाऱ्याला वाटतं, देव पावला.

इथून पुढे जे घडतं ते समजण्यासाठी सोळा आणि साडेसोळा यांतला अर्धा इंच नीट पाहायला हवा. टायरच्या आतल्या काठात पोलादी तारांचं कडं असतं, त्याला बीड म्हणतात. हवा भरली की हे कडं रिमच्या कडेवर जाऊन घट्ट बसतं. ते जिथे बसतं ती रिमची पट्टी सपाट नसते, तिला उतार असतो. सोळाच्या नेहमीच्या रिमवर हा उतार पाच अंशांचा, तर साडेसोळाच्या रिमवर पंधरा अंशांचा. म्हणजे फरक नुसता अर्ध्या इंचाचा नाही. दोन्ही बैठका मुळातच वेगळ्या आहेत. आणि तरीही सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर चढवता येतो, हीच यातली खरी गोम. तो चढतो, पण बैठकीवर बसत नाही. बसत नाही म्हणून माणूस आणखी हवा भरतो. तरी बसत नाही, म्हणून आणखी. शेवटी पोलादी कडं तुटतं आणि टायर बॉम्बसारखा फुटतो.

टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निकाली काढलेला एक खटला याच चुकीवरचा होता. एका मेकॅनिकने गुडरिचचा सोळाचा टायर साडेसोळाच्या रिमवर चढवायला घेतला. टायरवर ठळक लाल-पिवळी सूचना चिकटवलेली होती, आणि स्फोटाने हवेत फेकल्या गेलेल्या कामगाराचं चित्रही त्यावर होतं. हा माणूस टायरवर ओणवा होऊन हवा भरत राहिला. टायर फुटला आणि तो कायमचा जायबंदी झाला. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही स्पष्ट सूचना दिली होती, आणखी काय करायचं? न्यायालयाने ते मान्य केलं नाही. बीडची याहून सुरक्षित रचना शक्य होती आणि दुसऱ्या उत्पादकांकडे ती होती. मग सूचनेचा कागद चिकटवून जबाबदारी संपत नाही, असा निकाल लागला. सदोष उत्पादनाच्या कायद्याचा अभ्यास करणारे अमेरिकी विद्यार्थी आजही हा खटला वाचतात. गॅरेजमध्ये मात्र एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे: रिमवर कोरलेला आकडा आणि टायरवर छापलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही.

समजा आकडे जुळले. रिम साडेसोळाची, टायरही साडेसोळाचा. टायर बसतो, गाडी दिमाखदार दिसू लागते, आणि मालक वाळूत किंवा खडकात घेऊन जातो. तिथे गेलं की चाकांतली हवा कमी करायची ही जुनी रीत आहे. हवा उतरवली की टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो, आणि गाडी रुतत नाही. सोळाच्या नव्या रिमवर बैठकीच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी असतानाही तो बीडला आत घसरू देत नाही. साडेसोळाच्या जुन्या रिमवर हा उंचवटा नसतो आणि उतारही तीव्र. बारा-पंधरा पौंड हवेवर जोरात वळण घेतलं की टायर रिम सोडून बाजूला पडलेला दिसतो.

मग हमव्हीला हे कसं चालतं? तर तिचं चाकच वेगळं आहे. ते दोन तुकड्यांत बनलेलं असतं. आतला अर्धा भाग आणि बाहेरचा अर्धा भाग बोल्टांनी एकमेकांना आवळलेले, मध्ये हवा अडवायला रबराची कडी. या दोन भागांमध्ये, टायरच्या पोटात, रबराचं एक जाड कडं बसवतात. त्याला रनफ्लॅट म्हणतात. गोळी लागून हवा गेली तरी गाडी या कड्यावर टेकून काही अंतर पळत राहते. पण या कड्याचं दुसरं काम आपल्या कामाचं आहे. दोन्ही बाजूंच्या बीडना ते आतून रिमच्या काठावर दाबून धरतं, त्यामुळे हवा शून्यावर आली तरी टायर रिम सोडत नाही. साडेसोळाच्या रिमचं वैगुण्य सैन्याने असं झाकलं. टायर एकटा उचलून आणला, तर हा इलाज तिथेच राहून जातो आणि आजार तेवढा घरी येतो.

म्हणून जाणकार सांगतात की टायर घेऊ नका, अख्खं चाक घ्या. सल्ला बरोबर आहे. नशिबाने हमव्हीच्या चाकाची आठ भोकं साडेसहा इंचांच्या वर्तुळावर आहेत, आणि शेव्हरोले, डॉज, तसंच १९९९ च्या आधीच्या फोर्डच्या पाऊण टनी-एक टनी गाड्यांचं मापही हेच. स्टडवर चाक सरळ चढतं. पण पुढे नवीच अडचण. रिमच्या आतल्या काठापासून हबला टेकणाऱ्या पत्र्यापर्यंतचं अंतर हमव्हीत सुमारे सात इंच आहे. जुन्या पिकअपमध्ये ते चार इंचांच्या आसपास असतं. म्हणजे साडेबारा इंच रुंदीचा टायर आपल्या जागेवरून तीन इंच आत सरकतो, आणि तिथे आधीच स्प्रिंगची पानं, स्टीअरिंगचे दांडे, ब्रेकची नळी अशी मंडळी बसलेली असतात. यावरचा धड उपाय म्हणजे चाकाचा मधला भाग कापून योग्य जागी नवा वेल्ड करणं. ते काम मोजमापात मुरलेल्या माणसाचं. चाकाला किंचित जरी डगमग राहिली, तर ती ताशी ८० किलोमीटरला हातात येते. जाडजूड स्पेसर लावून भागवणारेही आहेत. तीन इंचांचा स्पेसर आणि त्यावर लोंबणारं ६० किलोच्या वरचं चाक, हा सगळा तोल हबच्या बेअरिंगवर पडतो. मला विचाराल तर तो रस्ता नको.

या चाकाबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाशी गाठ असलेली. चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतलं वर्तुळ चाक हबला धरतं. बाहेरचं वर्तुळ चाकाचे दोन भाग एकमेकांना धरतं. चाक काढायला आलेल्या नवख्याने हवा असताना बाहेरचे नट सैल केले, तर दोन्ही भाग बंदुकीतून सुटल्यासारखे वेगळे होतात. ३० पौंड हवा ऐकायला किरकोळ वाटते, पण टायरची अख्खी बाजू मोजली की तो जोर टनांत जातो. आपल्याकडच्या हायवेवरच्या जुन्या पंक्चरवाल्यांना हे वेगळ्या रूपात ठाऊक आहे. टाटा-लेलँडच्या जुन्या ट्रकांना ९.००-२० किंवा १०.००-२० चे टायर असायचे. आत ट्यूब, ट्यूबखाली फ्लॅप, आणि बाहेरून पोलादी लॉक रिंग. हवा भरताना ती रिंग नीट बसलेली नसेल तर उडते, म्हणून मुरलेला माणूस चाकासमोर कधी उभा राहत नाही. रिंगेवर साखळी गुंडाळतो किंवा चाक पालथं घालतो. अमेरिकेत १९८० पासून अशा चाकांत हवा भरताना पोलादी पिंजरा वापरणं नियमाने बंधनकारक आहे.

चाक बसलं, वेल्डिंग उत्तम झालं, टायर कुठे घासत नाही. आता गाडी चढावर घ्या. ३१ इंची टायरसाठी आखलेल्या गाडीला ३७ इंची टायर लावला म्हणजे चाकाची एक फेरी पूर्वीपेक्षा १९ टक्के लांब झाली. अ‍ॅक्सलचं ४.१० चं प्रमाण प्रत्यक्षात ३.४४ सारखं वागायला लागतं. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढणारा घाट आता दुसऱ्यात, क्लचला घाम फोडत. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ६० ने पळत असते, आणि ब्रेकला थांबवायचं असतं ते जास्त जड, जास्त उंच चाक. हमव्हीत ही कुचंबणा होत नाही, कारण तिच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये १.९२ ला १ असे वेगळे गिअर आहेत. इंजिनाचा जोर अगदी शेवटच्या टप्प्यावर जवळजवळ दुप्पट होतो, आणि अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहिल्याने पोटाखाली १६ इंच मोकळी जागा मिळते. ३७ इंची टायर हा त्या सगळ्या रचनेचा एक अवयव आहे. अवयव उचलून दुसऱ्या शरीराला लावला की शरीर कुरकुरणारच.

हमव्ही बाजूला ठेवली तर डिस्पोजलमध्ये दुसरं काय मिळतं? सगळ्यात ओळखीची नक्षी एनडीटीची, म्हणजे दिशा नसलेल्या नक्षीचा टायर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या ६.००-१६ टायरांवर हीच होती. मुंबईत माझगावला महिंद्रने जुळणी करायला घेतली ती गाडी याच जीपच्या नागरी भावंडांपैकी, म्हणून आपल्याकडच्या जीपवाल्यांनाही ही नक्षी बघताक्षणी ओळखू येते. चौकोनी ठोकळे, दोन्ही बाजूंना सारखे. टायर उलटा लावा, सुलटा लावा, पुढे लावा, मागे लावा, फरक नाही. शत्रूला चाकोरीवरून गाडी कुठल्या दिशेने गेली ते कळू नये म्हणून ही नक्षी काढली, असं सांगतात. गोष्ट छान आहे. पण कोणताही टायर कोणत्याही चाकावर बसतो, हा फायदा कोठारातल्या माणसाला जास्त भावला असणार. पुढे डॉजच्या एम-३७ ला ९.००-१६ मापात आणि एम-३५ या अडीच टनी ट्रकला ९.००-२० मापात हीच नक्षी आली.

जुनी जीप १९४४ सालासारखी दिसायला हवी असेल तर एनडीटीला पर्याय नाही. पण गाडी चालवायची असेल, तर नको. ठोकळ्यांमधल्या खाचा अरुंद, त्यामुळे काळा चिखल एकदा भरला की निघत नाही आणि टायर भिजक्या मडक्यासारखा गुळगुळीत फिरतो. ओल्या डांबरावरही त्याचा भरवसा नाही. आडव्या-तिडव्या धाग्यांचा जुन्या बांधणीचा टायर असल्याने रात्रभर उभा राहिला की तळाशी चपटा होतो आणि सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी धडधडते. या जुन्या गाड्यांवर हात टाकणाऱ्याने आणखी एक खूण ध्यानात ठेवावी: जीप आणि एम-३७ या दोन्हींच्या डाव्या चाकांचे नट डाव्या आट्यांचे असतात, म्हणजे सोडवायला उलट फिरवायचे. हे माहीत नसलेल्यांनी लांब पाईप लावून मोडलेल्या स्टडची गणती नाही.

युरोपच्या सैन्यांकडून येणारा मिशेलिनचा एक्सझेडएल हा मात्र खरा कामाचा टायर. रेडियल, पोलादी सांगाड्याचा, रुंद खाचांचा. ९.००आर१६ मापात तो सुमारे ३६ इंच उंच, पण रुंदीला जेमतेम १० इंच. रुंद टायर चांगला असा अनेकांचा समज असतो; तो वाळूत आणि बर्फावर खरा, कारण तिथे वर तरंगायचं असतं. आपल्या काळ्या रानातल्यासारख्या चिखलात अरुंद टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो आणि तिथे पकड घेतो. शेतातल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं आठवा. एक्सझेडएलचे दोष असे: बाजू इतक्या कडक की हलक्या गाडीखाली हवा उतरवली तरी तो वाकत नाही, वजन भरपूर, आणि वेगाची मर्यादा ट्रकची. टायरच्या बाजूवर भाराच्या आकड्याशेजारी एक इंग्रजी अक्षर असतं: जे असेल तर ताशी १००, के असेल तर ११०, एल असेल तर १२० किलोमीटर. महामार्गावर त्यापलीकडे जायचं नाही. रिम सोळाची लागते, हे सांगायला नकोच.

उंचीचा सोस आणखी असेल तर ३९५/८५आर२० आहे. सैन्याच्या नव्या मध्यम ट्रकांचा हा टायर एम-३५ च्या हौशी मालकांमध्ये लाडका. माप मिलिमीटरचं आहे. ३९५ च्या ८५ टक्के म्हणजे एका बाजूची उंची साधारण ३३६, दोन्ही बाजू आणि २० इंचांची रिम धरली की जवळजवळ ११८० मिलिमीटर. उभा केला तर माणसाच्या छातीला लागतो. मागच्या जोडचाकांच्या जागी तो एकेकच लावतात. जुन्या पिकअपवाल्याने मात्र तो लांबूनच पाहावा.

आता वय. डिस्पोजलच्या टायरची खोल नक्षी पाहून माणूस भुलतो, आणि फसतो तोही तिथेच. रबरात हवेतल्या ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरतो, वाकतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि कवच धरतात. दहा वर्षं एका जागी उभ्या असलेल्या टायरला हे घडतच नाही. तो न झिजता म्हातारा होतो. बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या आकड्यांत शेवटचे चार पाहा: ३६१२ म्हणजे २०१२ सालचा छत्तिसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, मग बाकी काही पाहायची गरज नाही. तारीख बरी असेल तर टायरची बाजू अंगठ्याने दाबून वाकवा आणि भेगा किती खोल उघडतात ते बघा. मग आतून हात फिरवा. आपल्याकडे ट्रकवरून उतरलेला टायर ऊसतोडीच्या टायरगाडीला लागतो, आणि तिथे तो वर्षानुवर्षं चालतो, कारण बैल ताशी ८० ने धावत नाहीत.

तर मग साडेसोळाच्या के-२० वाल्याने करायचं काय? उत्तर डिस्पोजलच्या त्याच आवारात पडलेलं असतं, फक्त त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याने जनरल मोटर्सकडून सत्तर हजारांच्या आसपास साध्या शेव्हरोले गाड्या हिरवा रंग देऊन घेतल्या. सीयूसीव्ही हे त्यांचं सैनिकी नाव. त्यातल्या एम-१००८ या पिकअपला सोळा इंची, साडेसहा इंच रुंद, आठ भोकांची पोलादी रिम होती. के-२० च्या हबवर ती न कापता, न वेल्ड करता बसते, कारण दोन्ही एकाच घराण्यातल्या. मागे दुहेरी चाकं असलेल्या प्रकारांची रिम वेगळी असते, ती तेवढी टाळायची. या रिमवर बसतो २३५/८५आर१६ हा टायर. तो पावणेबत्तीस इंचांच्या जवळपास उंच, म्हणजे गिअर, ब्रेक, स्पीडोमीटर सगळे जागच्या जागी. आणि तो नवा कोरा, आजच्या तारखेचा, साध्या दुकानात मिळतो. सोळाच्या रिमला तो बारीक उंचवटा आहे की नाही तेवढं हात फिरवून पाहा, आणि गंज पत्र्यात खोल गेला असेल तर ती बाजूला टाका.

फोटोत ही चाकं हमव्हीच्या चाकांइतकी रुबाबदार दिसत नाहीत, हे खरं. विकणारा बहुतेक वेळा रिमसोबत त्यावरचे जुने टायरही फुकट देऊ करतो. रिम घ्या, टायर तिथेच राहू द्या.